कास्तकाराचे शब्द कागदावर कधी येणार?

२०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे आपल्या तोंडातल्या सीसीआयला, हमीभावानं कापूस द्यायचा तर आधी मोबाइलवर नाव नोंदवा, असा नियम आला. ॲपचं नाव 'कपास किसान'. गावोगावी त्यावर बोलाबोली झाली. आम्ही कापूस म्हणतो, कपास नव्हे. आम्ही कास्तकार, किसान नव्हे. मग विदर्भातल्या खरेदीला हे हिंदी नाव कशाला, असा तरुण पोरांचा सवाल होता. पोरांची चीड मला समजते. पण सगळी चीड नावावरच खर्ची पडली तर खरा प्रश्न तसाच राहील. नाव कपास असलं काय नि कापूस असलं काय, त्यानं कुणाचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, थांबत नाही. अडतं ते पुढच्या कागदावर: विम्याच्या अर्जावर, फवारणीच्या औषधासोबतच्या पत्रकावर, पंचनाम्यावर. तिथली भाषा मराठीच आहे, व्याकरणाला चोख आहे, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच ती उमगत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. कास्तकाराशी व्यवहार करताना सरकारनं कास्तकाराचे शब्द वापरावेत, आणि मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाचा पहिला उपयोग याच कामी व्हावा. हे म्हणणं मांडायला मी कापूस हाच शब्द घेतो. शब्द नेमका कोणाचा असतो, याचा इतका बोलका दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

संस्कृतात तो कर्पास किंवा कार्पास. ब्राह्मणाचं जानवं कापसाचं असावं हे सांगताना मनुस्मृतीनं हाच शब्द वापरला आहे. पालीत आणि प्राकृतात त्याचा कप्पास झाला, त्यातून हिंदी-गुजरातीतला कपास, बंगालीतला कापास आणि आपला कापूस आला. शब्द एक, पण घरोघरी अर्थ बदलत गेला. हिंदी-गुजरातीत कपास म्हणजे सरकीसकटचा माल. सरकी निघाली की ती रूई. शहरातल्या मराठी माणसाला कापूस म्हटलं की औषधाच्या दुकानातली पांढरी गुंडाळी आठवते, नाहीतर निरांजनातली वात. आमच्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यात या प्रत्येक गोष्टीला आपलं आपलं नाव आहे. शेतात उभी असते ती पऱ्हाटी, जमिनीत टोबतो ती सरकी, बोंड फुटल्यावर वेचतो तो कापूस, जिनात सरकी वेगळी होऊन निघते ती रुई. पांढरकवड्याकडचा कास्तकार चांगल्या भावाच्या आशेनं गाडी भरून आदिलाबादला गेला, की पैनगंगेपलीकडं त्याच मालाला 'पत्ती' म्हणतात. तेलुगूतली पत्ती, कन्नडमधली 'हत्ती' आणि तमिळमधली 'परुत्ती' हे द्राविड भाषांमधलं वेगळं कुटुंब आहे, त्याचा कर्पासशी संबंध नाही.

मग संस्कृतात तरी तो कुठून आला? १९२० च्या दशकात ज्याँ प्शिलुस्की या फ्रेंच पंडितानं असं मांडलं की कर्पास हा मुळात आर्यभाषांचा शब्दच नव्हे, तो ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या बोलींमधून उचलला गेला. पुढं अनेक भाषाभ्यासकांनी हा विचार उचलून धरला. या कुळात ख्मेर आहे, व्हिएतनामी आहे, झारखंडातली संथाळी आणि मुंडारी आहे. आणि आहे ती आपल्या मेळघाटातली कोरकू. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू आजही घराघरांत बोलली जाते. या कुळाच्या भारतातल्या मुंडा शाखेत सगळ्यात पश्चिमेकडची हीच. प्शिलुस्कींचं म्हणणं धरलं, तर ज्या शब्दावर वऱ्हाडाचा सारा व्यवहार उभा आहे तो शब्द कोरकूच्या आप्तांनी दिलेला आहे. बाजाराच्या दिवशी परतवाड्याला उतरणाऱ्या कोरकू माणसाला 'नीट मराठी बोल' म्हणून दटावणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

पूर्वेकडं हा शब्द फार लांब गेला. मलय आणि इंडोनेशियन भाषांत कापसाला 'कपास'च म्हणतात. इंडोनेशियाच्या राजचिन्हावर गरुडाच्या छातीवर ढाल आहे आणि तिच्यावर पाच तत्त्वांची पाच चिन्हं आहेत. पाचवं तत्त्व सामाजिक न्यायाचं. त्याचं चिन्ह आहे 'पादी दान कपास', म्हणजे भात आणि कापूस. अन्न आणि वस्त्र सगळ्यांना मिळणं म्हणजे न्याय, असा तो अर्थ. १९५० मध्ये ते चिन्ह ठरलं. आपल्याकडं ज्या शब्दाशी कर्ज, कट्टी (खरेदीतली कपात) आणि आत्महत्या जोडल्या गेल्या, तोच शब्द जावा-सुमात्रात न्यायाच्या खुणेला चिकटला आहे. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा कास्तकारांची पोरं एकदम गप्प होऊन ऐकतात.

चिनी ग्रंथांत जुन्या काळी कापसाला 'ची-पेई' म्हणत. तो आग्नेय आशियातल्या भाषांवाटे पोचलेला कर्पासच. पण चीनमध्ये पुढं टिकला तो वेगळा शब्द, 'म्येन'. तो मुळात रेशमाच्या तंतूंच्या गादीवजा थराला वापरत. कापूस आला तेव्हा लोकांनी जुनाच शब्द त्याला लावला आणि लिहिताना अक्षरात रेशमाच्या जागी झाडाची खूण घातली. तिकडं कापसाचं कसब पसरलं त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस ह्वांग ताओ-फो नावाची एक बाई हायनान बेटावरच्या ली या डोंगरी जमातीकडून सरकी काढणं, पिंजणं, कातणं-विणणं शिकली आणि आजच्या शांघायजवळच्या आपल्या गावी येऊन तिनं ते इतरांना शिकवलं. जपानच्या जुन्या बखरीत तर इसवी सन ७९९ ची नोंद आहे: मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परका तरुण वाहत आला. भाषा कळेना. पुढं थोडंफार बोलता येऊ लागल्यावर त्यानं आपण 'तेनजिकू'चे, म्हणजे भारताचे, असं सांगितलं. त्याच्या सामानात सरकी होती. ती सरकी वेगवेगळ्या प्रांतांत लावून पाहिली गेली, पण ते पीक तिथं टिकलं नाही. जपानात कापूस रुजायला आणखी काही शतकं जावी लागली.

पश्चिमेकडं फारसीत 'कर्बास' झाला. अर्थ, जाडंभरडं सुती कापड. आपण ज्यांना 'एकाच माळेचे मणी' म्हणतो त्यांना इराणी माणूस 'एकाच कर्बासची दोन टोकं' म्हणतो. हिब्रूत एस्तेरच्या ग्रंथात शूशनच्या राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन आहे, तिथं 'कर्पस' हा शब्द आहे. पण ज्यू लोकांच्या वल्हांडणाच्या ताटात मिठाच्या पाण्यात बुडवून खायच्या हिरव्या पाल्यालाही कर्पसच म्हणतात. त्याचा कापसाशी काही संबंध नाही. तो अजमोद्यासारख्या भाजीच्या फारसी नावाशी जोडलेला आहे. उच्चार एक, कुळं दोन. ग्रीक-लॅटिनमध्ये जाऊन कर्पासचा अर्थ तलम लिनन आणि जहाजाचं शीड इथवर सरकला. कापसाला खुद्द इराणात रुळला तो 'पंबे', त्यावरून तुर्की 'पामुक'. अरबांचा शब्द आणखी निराळा, 'कुत्न'. तोच स्पेन-इटलीमार्गे इंग्लंडात जाऊन कॉटन झाला आणि साहेबाबरोबर वऱ्हाडात उतरला. त्यामुळं आज खेड्यातून निघालेला कापूस नागपूर-अमरावतीत पोचतो तो कॉटन मार्केटात. एका शब्दानं पूर्वेकडून चाल केली, दुसऱ्यानं पश्चिमेकडून, आणि दोघांची गाठ कास्तकाराच्या गाडीवर पडली. उलट दिशेनंही एक नाव गेलं. अमरावतीच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत. गावाचं नाव मालाची जात बनून गेलं. हिंगणघाटचंही तसंच झालं होतं.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की शब्द माल हाताळणाऱ्यांच्या मागं गेला. खलाशी, पिंजारी, विणकर, वाहून किनाऱ्याला लागलेला तो अनामिक तरुण, यांनी तो नेला आणि जिथं जो माल होता त्याला तो लावला. कोणत्याही दरबारानं किंवा पंडितसभेनं ठराव करून तो पसरवला नाही. आणि आज आमच्या शेतात उभी असलेली पऱ्हाटी तरी कुठं त्या कर्पासची राहिली आहे? ती बहुतेक अमेरिकन जातीची, मूळ मेक्सिकोकडची; २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाल्यापासून देशी वाण तर कोपऱ्यात गेले. झाड बदललं, बियाणं दर साली पाकिटातून येऊ लागलं, तरी शब्द तोच राहिला, कारण वेचणारे हात तेच आहेत.

म्हणून भाषेच्या शुद्धतेच्या नावानं जे चालतं त्याला माझा विरोध आहे. मराठीतून फारसी-अरबी शब्द काढा म्हणणारे शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचा हवाला देतात. तो कोश दरबारी कामकाजाचा होता, परक्या सत्तेची भाषा मोडून राज्याला आपली भाषा देण्याचा होता, आणि ते काम मोठं होतं. पण शेतातला 'हंगाम' फारसीच राहिला. खरीप म्हणजे अरबीत शरद, रब्बी म्हणजे वसंत. ही मूळ नावं पीक घरी येण्याच्या ऋतूंची, पण आमच्याकडं खरीप म्हटलं की मृगातलं पेरणं आधी आठवतं. आमच्या शेतकऱ्यानं शब्द घेतला आणि त्याला आपल्या पावसाचं वेळापत्रक शिकवलं. 'कास्तकार' फारसी आहे. आता या शब्दांच्या जागी कोशातून काढून काही बसवायचं म्हणजे चालत्या गाडीचा बैल सोडून चित्रातला बैल जुंपणं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मला आनंद झाला, आणि तो खरा होता. रंगनाथ पठारे समितीनं त्यासाठी जे पुरावे मांडले, त्यांत हाल राजाची प्राकृत गाथासप्तशती मोठ्या मानाची. त्या सप्तशतीत एक गाथा आहे. कापसाच्या शेतात पहिल्या नांगरणीचा शुभ दिवस आहे, नांगराची पूजा करायला बाई उभी आहे, आणि पुढं याच दाट पिकात आपल्या प्रियकराला चोरून भेटता येईल या विचारानं तिचे हात थरथरताहेत. गंमत अशी की तिथं कापसाला कर्पास म्हटलेलं नाही. शब्द आहे 'फलही'. मला तरी आमच्या पऱ्हाटीचं नातं या फलहीशीच दिसतं. म्हणजे मराठी किती जुनी हे सिद्ध करायला ज्या ग्रंथाची साक्ष काढली, त्यातल्या शब्दाचा वारसा आज टिकून आहे तो यवतमाळच्या निंदणाऱ्या बाईच्या जिभेवर. आणि प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकात मुलं शिकतात 'कपाशीचे रोप'. कपाशी वाईट शब्द नाही, वऱ्हाडातही तो चालतो. पण पऱ्हाटी लिहिलं की तांबड्या शाईनं खूण होते, हे मी डोळ्यांनी पाहतो.

त्या गाथेतली पूजाही पुरती संपलेली नाही. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडं बाया सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो, मगच ओट्या बांधून बाया तासाला लागतात. त्या वेळी कान देऊन ऐकावं. फुटलेलं बोंड, अर्धवट उललेलं बोंड, किडकं बोंड यांना निराळे शब्द. पिवळा पडलेला, नीट न फुललेला कापूस ती कवडी. जुनी-जाणती बाई तो वेचताना वेगळा ठेवते, कारण पांढऱ्यात तो गेला की ग्रेडर सगळ्या गंजीचा भाव पाडतो. पहिला वेचा, दुसरा वेचा, आणि पाणी देऊन पीक पुढं ताणलं तर फरदड. ही भाषा हौसेची नाही. यातला एकेक शब्द पैशाचा आहे.

आता कागद पाहू. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि सेतू केंद्रांवर रांगा लागल्या. नुकसान झालं तर ७२ तासांत कळवायचं होतं आणि कळवताना कारण निवडायचं होतं. परतीच्या पावसानंतर मी आमच्याकडच्या एका केंद्रावर बसलो होतो. साठीतले एक काका आले. त्यांची बोंडं फुटली होती, वेचणीला बाया सांगितल्या होत्या, आणि आदल्या रात्री पाऊस बसला. संगणकावरच्या पोरानं पर्याय वाचले: स्थानिक नैसर्गिक आपत्ती, काढणी पश्चात नुकसान. काकांनी विचारलं, "बापू, वेचाले आलेला कापूस पऱ्हाटीवरच भिजला, तं हे काढणीच्या आंधी म्हनाव का मांगून?" पोरगं बिचारं माझ्याकडं पाहू लागलं. काढणी हा शब्द कापसाला कोणी लावत नाही. सोयाबीन काढतात, हरभरा काढतात. कापूस वेचतात, तोही तीन-चारदा. पहिला वेचा घरी आला आहे आणि दुसरा झाडावर आहे, तेव्हा काढणी झाली की नाही? काकांचा प्रश्न अडाण्याचा नव्हता. तो त्या अर्जाचा मसुदा करणाऱ्याला पडायला हवा होता. पश्चात म्हणजे नंतर, हेही आधी समजावून सांगावं लागलं.

२०२५ पासून एक रुपयाची सोय गेली, कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्के हप्ता आला, आणि भरपाई 'पीक कापणी प्रयोगा'वर ठरू लागली. पुन्हा कापणी! या प्रयोगात गावातल्या ठरावीक शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, त्यातल्या प्रत्येक वेच्याचं वजन होतं आणि अशा तुकड्यांवरून सगळ्या मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा, उतारा (पिकाचं सरासरी उत्पन्न) ठरतो. म्हणजे त्या मोजक्या तुकड्यांवर शेकडो घरांचा हिशेब असतो. पण शेजारच्या शेतात हा प्रयोग चालला आहे हे कळूनही कास्तकार तिकडं फिरकत नाही, कारण नाव ऐकून त्याला वाटतं की हे कोण्या कृषी खात्याचं संशोधन आहे, आपला काय संबंध. त्याला 'गावाच्या उताऱ्याचं माप' म्हटलं असतं तर बांधावर पन्नास माणसं उभी राहिली असती.

'उंबरठा उत्पन्न' हा आणखी एक शब्द. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तरानं, म्हणजे विम्यात ठरलेल्या संरक्षणाच्या टक्केवारीनं, गुणलं की हा आकडा येतो. त्याच्या खाली मंडळाचा उतारा गेला तर भरपाई मिळते. गणित अवघड नाही. गावात आठवी शिकलेला माणूस जिनवाल्याची कट्टी आणि ओलाव्याचं प्रमाण चटकन तोंडी सांगतो. आठ टक्क्यांवर ओल गेली की भाव कापतात आणि बारावर गेली की गाडी परत जाते, हे न शिकवता सगळ्यांना पाठ आहे, कारण ते त्यांच्या भाषेत सांगितलं गेलं. उंबरठ्याच्या बाबतीत मात्र इंग्रजी शब्दाला मराठी कपडे घालून पाठवलं आहे. उंबरठा दाराला असतो. उताऱ्याला हद्द असते, किंवा नुसतं 'किमान उतारा' म्हणा. सोयाबीनच्या उताऱ्याला इकडं झडती म्हणतात, तर तिथं झडती म्हणा. जिल्हा बदलला की शब्द बदलेल, तर बदलू द्या.

सगळ्यात जड गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली होती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती; कारणं अनेक होती आणि त्यातली पुष्कळशी भाषेबाहेरची आहेत. संरक्षक कपडे नव्हते, मजुराला दिवस भरायचा होता, सल्ला देणारा दुकानदारच होता. तरी औषधासोबत घडी घालून ठेवलेल्या पत्रकाकडं एकदा पाहा. मुंगीएवढ्या अक्षरांत चार-पाच भाषा आणि त्यात मराठीचा एक तुकडा. 'आंतरप्रवाही', 'स्पर्शजन्य', 'प्रतिविष'. आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारं. भिनणारं असं लिहिलं तर ते आपल्याही अंगात भिनेल हे वाचणाऱ्याच्या मनात येतं. आंतरप्रवाही वाचून काही येत नाही. शब्द कळला असता तर ती सगळी माणसं वाचली असती असं मी म्हणत नाही. पण ज्या कागदाचं एकमेव काम जीव वाचवण्याचं आहे तो तरी वाचणाऱ्याच्या भाषेत असावा, ही मागणी कुणाला जास्तीची वाटत असेल तर त्यानं त्या पावसाळ्यातल्या एखाद्या घरी जाऊन यावं.

हे जमणार नाही असं मात्र नाही. गुलाबी बोंडअळीनं पोखरलेलं फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या आतून चिकटून राहतात. त्याला 'डोमकळी' म्हणतात. कृषी सहायकाच्या तोंडून हा शब्द एकदा ऐकला की पोरंसोरंही शेतात डोमकळ्या शोधून तोडतात. पानं लाल पडून झाड बसतं त्याला 'लाल्या'. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत डवरणी, निंदणी असे इकडचेच शब्द दिसतात. कुणीतरी तिथं बांधावर गेलेलं माणूस होतं म्हणून ते झालं. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं तेव्हा इंग्रजीच्या जागी मराठी आणण्याची घाई होती, आणि ती रास्त होती. पण साठाहून अधिक वर्षांनंतरही शब्द घडवताना आधी संस्कृताकडंच हात जातो, शेताकडं जात नाही.

माझ्या काही मित्रांचा आक्षेप असा की कायद्याच्या कागदाला राज्यभर एकच शब्द लागतो. वऱ्हाडी एक, झाडीबोली दुसरी, खानदेशी तिसरी, मग कोर्टात भांडणं होतील. आक्षेप खरा आहे. पण तोडगाही साधा आहे: कायद्याचा शब्द राहू द्या आणि त्याच ओळीत त्याच आकाराच्या अक्षरांत जिल्ह्याचा शब्द छापा. निवडणूक आयोग मतदारयाद्या गावागावाच्या नावानिशी छापतो, मग विम्याचा अर्ज जिल्ह्याजिल्ह्यानुसार छापणं अवघड का व्हावं? दुसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येतो, की बोलीला मान दिला तर मुलांचं प्रमाण मराठी कच्चं राहील. मी स्वतः मराठी शिकवतो. ज्या मुलाच्या पऱ्हाटीवर तांबडी खूण झाली ते मूल कपाशी शिकतं, पण त्यानंतर निबंधात आपल्या शेताबद्दल लिहायचं सोडून देतं.

रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यात आहे. महानुभावांचं लीळाचरित्र तिथं लिहिलं गेलं, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही तिथंच सुरू झालं. महानुभाव पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी संस्कृतात रचना करू पाहणाऱ्या केशवदेवांना अडवलं आणि कारण दिलं ते असं, की यानं माझ्या स्वामींचा, म्हणजे चक्रधरांचा, सामान्य परिवार नागवला जाईल. नागवणं म्हणजे लुबाडणं. न कळणाऱ्या भाषेत लिहिणं ही सामान्य माणसाची लूट आहे, हे सातशे वर्षांपूर्वी या मातीत बोललं गेलं. विम्याच्या रांगेतल्या त्या काकांसमोर मला हेच आठवत होतं.

म्हणून रिद्धपूरच्या विद्यापीठानं पहिलं मोठं काम हे हाती घ्यावं: कापूस, तूर, ज्वारी, संत्रा, धान यांच्या शब्दांचा कोश, गावागावातून गोळा केलेला, बोलणाऱ्याच्या आवाजासह. मजूर बायांना त्या दिवसाची मजुरी देऊन त्यांच्याकडून शब्द घ्यावेत, फुकट नव्हे. आणि दार मराठीपुरतं उघडू नये. मेळघाटातली कोरकू, यवतमाळची कोलामी, गोंडी, आणि बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडची निहाली, जिचं जगातल्या कोणत्याच भाषाकुळाशी नातं जुळत नाही आणि जी बोलणारी माणसं जेमतेम दोन-अडीच हजार उरली आहेत. कापूस शब्द ज्या कुळातून आला असं म्हणतात त्याच कुळातल्या कोरकूला त्याच जिल्ह्यातल्या विद्यापीठात जागा नसेल, तर अभिजात दर्जाचा सोहळा अपुरा आहे.

दुसरी मागणी कृषी खात्याकडं. येत्या खरिपाचे अर्ज, पंचनाम्याचे नमुने आणि फवारणीची पत्रकं छापण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन-तीन गावांत मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकायला वेचणाऱ्या बाया, फवारणीवाले गडी आणि एखादा कोलाम किंवा कोरकू मजूर बसवा. वाचून झालं की त्यांना विचारा, यात काय सांगितलं. ज्या ओळीचं उत्तर तिघांना देता आलं नाही ती ओळ परत लिहा, आणि त्यांनी जो शब्द सुचवला तो तिथं घाला. याला ना कायदा बदलावा लागतो ना मोठा निधी. मे महिन्यात, पेरण्यांच्या आधी, लोक रिकामे असताना हे काम होऊन जाईल.